‘लेखक’ हे नाव कोणाचे?

गेल्या वर्षावासात मुलुंडच्या एका विहारात दर रविवारी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन चालू होते. एका रविवारी वाचन आटोपल्यावर एका वयोवृद्ध उपासिकेने आमच्या हाती दोनशे पानी वही दिली. वहीत गीते होती, गावाकडच्या आठवणी होत्या, मध्येच हिशेबाची दोन पाने होती. त्यांची अपेक्षा माफक होती. “सर, तेवढं शुद्धलेखन बघा.” पहिल्या पानावर नातवाने सुवाच्य अक्षरांत ‘लेखिका’ असे लिहून त्यापुढे आजीचे नाव घातले होते. नाव तसेच होते. ‘लेखिका’ हा शब्द मात्र दोन आडव्या रेघांनी खोडलेला होता. आम्ही त्याकडे पाहत आहोत हे लक्षात येताच त्या म्हणाल्या, “ते नातवाचं काम. मी कुठली लेखिका? भांडी घासून झाली की बसते लिहीत.”

आम्ही वही घरी नेली आणि लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. खोडलेल्या शब्दाविषयी काहीच बोललो नाही. योगायोग असा की, त्याच आठवड्यात एका कार्यक्रमपत्रिकेचे मुद्रित तपासण्यासाठी आमच्याकडे आले. त्यात आमच्या नावामागे ‘ज्येष्ठ साहित्यिक’ अशी उपाधी लावलेली होती. आमचे वय अद्याप पन्नाशीच्या अलीकडे आहे, आणि पालि व्याकरणावरील काही टिपणे व नियतकालिकांतील लेख यांपलीकडे आमच्या नावावर फारसे काही नाही. तरीही आम्ही त्या पत्रिकेतील एका भदंतांच्या नावातील छपाईची चूक तेवढी दुरुस्त केली आणि उपाधी तशीच राहू दिली. ही दोन कृत्ये शेजारी शेजारी ठेवून पाहिली तेव्हा आम्हांस स्वतःविषयी बरे वाटले नाही. प्रस्तुत लेखाचे कारण एवढेच.

‘लेखक’ हा शब्द आज ज्या अर्थाने आपण वापरतो, त्या अर्थाने तो पालि वाङ्मयात सापडत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात राजगृहाच्या उपालि नावाच्या मुलाची कथा आहे. (हा उपालि म्हणजे शाक्यांचा नापित, पुढे विनयधरांत अग्र ठरलेला स्थविर नव्हे, नामसाम्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.) या मुलाचे आईबाप त्याच्या भवितव्याचा विचार करीत बसले होते. लेखनविद्या शिकला तर त्याची बोटे दुखतील, गणना शिकला तर छाती दुखेल, नाण्यांची पारख शिकला तर डोळे दुखतील. म्हणून त्याने शाक्यपुत्रीय श्रमणांत प्रव्रजित व्हावे, तेथे जेवणखाण चांगले मिळते आणि निजण्याबसण्याची सोय असते, असा त्यांनी निर्णय घेतला. कथा विनोदी आहे आणि विनयकारांनाही तो विनोद कळत असावा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, त्या आईबापांना लेखन म्हटल्याबरोबर प्रथम बोटे आठवली. प्रतिभा, प्रतिष्ठा यांपैकी काही आठवले नाही.

तथापि लेखन ही त्या काळी केवळ मजुरी होती असेही समजू नये. भिक्खूंच्या पाचित्तिय नियमांत दुसरा नियम ओमसवादाचा, म्हणजे टोचून, हिणवून बोलण्याचा आहे. त्याच्या विवरणात शिल्पांची विभागणी दिली आहे. बुरूड, कुंभार, विणकर, चांभार, न्हावी यांची शिल्पे लोक हीन मानीत. मुद्रा, गणना आणि लेखा ही उच्च मानीत. म्हणजे लेखणी तेव्हाही वरच्या पंगतीत बसत होती आणि आरी खालच्या. परंतु ही यादी विनयात कशासाठी आली आहे, हे विसरता कामा नये. कोणत्याही भिक्खूला त्याच्या शिल्पावरून, जातीवरून, गोत्रावरून, नावावरून हिणवणे हा दोष आहे, हे सांगण्यासाठी ती आली आहे. समाजातली उतरंड विनयकारांनी जशीच्या तशी नोंदवली आणि संघाच्या सीमेत तिचा उच्चार दंडनीय ठरवला. आणखी एक गोष्ट. भिक्खुनींना लौकिक विद्या शिकण्याची मनाई करणारा जो नियम आहे, त्यात अपवाद म्हणून लेखा मोकळी ठेवली आहे. स्त्रीने लिहायला शिकण्यात दोष नाही, असे विनयपिटकात स्पष्ट नमूद आहे. हे वाक्य आपल्या विहारांत अधिक वेळा सांगितले गेले पाहिजे.

महाराष्ट्रातील शिलालेखांतही ‘लेखक’ भेटतो. मुलुंडच्या पश्चिमेस दिसणाऱ्या डोंगरांच्या पलीकडल्या अंगास कान्हेरीची लेणी आहेत. तेथील दानलेखांत कल्याणचा सोनार आहे, कल्याणचाच लोहार आहे, सोपाऱ्याचे व्यापारी आहेत. परंतु ‘लेखक’ म्हणून स्वतःची ओळख कोरणारे दोघे भाऊ भेटतात ते रायगड जिल्ह्यातील कुडा येथे. शिवभूती हा महाभोजाच्या पदरी असलेला लेखक. त्याने आईबापांची नावे सांगून पत्नी नंदा हिच्यासह लेणे दान केले. त्याचा धाकटा भाऊ शिवम हाही लेखकच. त्याच्या दानात पत्नी आणि मुलेबाळे यांचा वाटा नावानिशी कोरला आहे. त्याच ठिकाणी एका माळ्याचेही दान आहे. माळी हे जसे त्या माणसाचे काम, तसे लेखक हे शिवभूतीचे काम. आजच्या भाषेत तो कारकून होता. त्याने काय लिहिले ते काळाच्या ओघात गेले. शिल्लक राहिले ते एवढेच की, तो लिहीत असे, आणि त्या कमाईतून त्याने भिक्खूंसाठी डोंगर कोरवून घेतला. (लिपिकराचे नशीब अर्थात नेहमीच इतके चांगले नसे. अशोकाने चौदाव्या शिलालेखात मजकुरात काही अपुरे राहिले असल्यास त्याच्या कारणांत लिपिकराचा अपराध गणला आहे. आज्ञा राजाची आणि चूक लिहिणाऱ्याची, ही वहिवाट जुनी दिसते.)

आज ज्याला आपण लेखक म्हणतो, त्याच्या जवळ जाणारा पालि शब्द ‘कवि’. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात कवींचे चार प्रकार सांगितले आहेत: चिंताकवि, सुतकवि, अत्थकवि आणि पटिभानकवि. विचार करून रचणारा पहिला. ऐकलेल्यावरून रचणारा दुसरा. एखादा आशय धरून रचणारा तिसरा. आणि समोर आले त्यावर तत्काळ रचणारा चौथा. येथे छापील ग्रंथाची अट असण्याचा प्रश्नच नव्हता. आम्हांस विशेष वाटतो तो सुतकवि. ऐकून रचणाऱ्याला येथे नक्कल करणारा मानलेले नाही. त्याला कवींच्या गणनेत मानाचे स्थान आहे. यात आश्चर्य नाही. ज्या वाङ्मयातील पुष्कळ सुत्ते ‘मी असे ऐकले’ या अर्थाच्या शब्दांनी सुरू होतात, जे शतकानुशतके मुखाने जपले गेले आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात वट्टगामणी अभयाच्या काळी प्रथम ग्रंथारूढ झाले, त्या वाङ्मयात ऐकणाऱ्याचा अधिकार मोठाच असणार.

हे चार शब्द हाती घेऊन आपण आपल्या वाङ्मयाकडे पाहू.

बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. वीरगावात आजोळी वाढलेल्या आणि फलटणला संसार केलेल्या या बाईंनी किराणा मालाच्या छोट्या दुकानात बसून, पुड्या बांधण्यासाठी आलेल्या रद्दीचे कागद वाचीत आपली वाचनाची भूक भागवली. त्यांनी लिहिलेले पतीपासून आणि घरच्यांपासून वीस वर्षे लपवून ठेवले होते. फलटणला वास्तव्यास असलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांच्या आग्रहामुळे ते बाहेर आले. वीस वर्षे! या काळात त्या स्वतःला काय म्हणत असतील? दुकानदार, आई, बाबासाहेबांची अनुयायी, कार्यकर्ती. ‘लेखिका’ हा शब्द त्या घरात उच्चारण्याची सोय नव्हती. आणि त्याच काळात त्या लिहीत होत्या. बोटे दुखत होती, म्हणजे विनयाच्या अर्थाने त्या लेखिका होत्याच.

‘जिणं आमुचं’ या शीर्षकातच पुस्तकाची पद्धत आहे. ‘माझं’ नव्हे, ‘आमुचं’. वाड्यातल्या बायकांची आषाढातली लगबग, अंगात येणे, बाळंतिणीची उपासमार, सुनांचा छळ, देवाला सोडलेली पोरे, आणि मग बाबासाहेबांच्या शब्दाने पेटून उठलेली तीच माणसे: हे सारे ‘आम्ही’ सांगतो. बेबीताई येथे सुतकवीच्या जातीच्या आहेत. त्यांनी जे पाहिले त्याइतकेच आजीकडून, शेजारणींकडून ऐकलेले या पुस्तकात आहे आणि ते त्यांनी आपल्याच आवाजात लावून घेतले आहे. मराठी समीक्षेतील काहींना हे पुस्तक ‘समाजशास्त्रीय दस्तऐवज’ वाटले. दस्तऐवज म्हणणे हा स्तुतीचा देखावा असलेला ओमसवाद आहे, असे आम्हांस वाटते. त्यातील दृश्ये एकामागून एक अशी रचली आहेत की, हसता हसता वाचकाचा घास अडतो. हे दस्तऐवजाला जमत नाही.

पण समीक्षकाने केवळ गौरव करून थांबू नये. या ‘आम्ही’ची एक किंमत आहे. बेबीताईंच्या वैवाहिक जीवनातील मारहाण, पतीचा संशय, लिहिण्याचे भय या गोष्टी पुस्तकात जवळजवळ येत नाहीत. त्या त्यांनी पुढे माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितल्या. ती मुलाखत २००८ साली निघालेल्या इंग्रजी अनुवादासोबत छापली आहे. म्हणजे ज्या हाताने वाड्यातील सर्व सुनांचे दुःख लिहिले, त्या हाताने आपले दुःख समुदायाच्या पदराखाली झाकले. आम्ही याला उणीव म्हणू की संयम, याचा निर्णय आमचा अजून झालेला नाही. एवढे मात्र खरे की, ‘आम्ही’ हा शब्द जसा आधार देतो तसा आडोसाही देतो. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की, हा लेखही ‘आम्ही’नेच चालला आहे. बेबीताईंच्या ‘आम्ही’मागे एक अख्खा वाडा उभा होता. आमच्या ‘आम्ही’मागे एक माणूस, त्याचे टेबल आणि लाल शाईचे पेन आहे. संशोधनपर लेखनाची ही रूढी आहे म्हणून ती आम्ही पाळतो. परंतु कार्यक्रमपत्रिकेतील उपाधी राहू देणारा ‘मी’ होता, हे येथे कबूल करणे योग्य होईल.

नावाचा हा पेच आपल्या आत्मकथनांत अन्यत्रही दिसतो. ‘बलुतं’ (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. गावकुसाबाहेर ठेवलेले नाव दगडू. मासिकांच्या अनुक्रमणिकेत छापले जाणारे नाव दया. लेखक झालेला माणूस न झालेल्या माणसाचे ऐकतो आहे, आणि दोघांनाही एकमेकांची थोडी लाज वाटते आहे. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) मध्येही बालपणीची नाजा आहे. लेखक हे नाव धारण करताना जुने नाव कोठे ठेवायचे, हा प्रश्न ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सहीची वळणदार परंपरा आहे त्यांना पडत नाही.

दलित आत्मकथनकार ‘एकपुस्तकी’ असतात, एक पुस्तक लिहून संपतात, हा आक्षेप अनेक वर्षे ऐकू येतो. थेरीगाथेत पुण्णिका नावाची थेरी आहे. ती अनाथपिंडिकाच्या घरची दासी. थंडीच्या दिवसांत नदीवर पाणी भरायला जाई. तेथे स्नानाने पाप धुतले जाते असे मानून कुडकुडणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले की, असे असेल तर मग पाण्यातील मासे, बेडूक, कासवे सगळीच स्वर्गाला जातील काय. तिच्या नावावर थेरीगाथेत मोजक्याच गाथा आहेत. पुण्णिकेने दुसरे पुस्तक का लिहिले नाही, असे गेल्या दोन हजार वर्षांत कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.

आता मुलुंडकडे परत येऊ, कारण आमची खरी अडचण येथे आहे.

काही वर्षांपूर्वी या उपनगरांतील आंबेडकरी साहित्यिकांची सूची करण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही विद्यापीठीय शिस्तीने रकाने आखले: नाव, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, वर्ष. घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेल्या अण्णा भाऊ साठे यांची नोंद सहज झाली. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या या माणसाने कादंबऱ्यांची रांग उभी केली, आणि १९५९ सालची ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. व्यक्तीपेक्षा लेखणीला केलेले ते अर्पण आम्हांस नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे. आणखी काही नावे आली. सूची छापून झाली. त्यानंतर एका कार्यकर्त्याने विचारले, “विलास घोगरे कुठं आहेत?”

शाहीर विलास घोगरे मुलुंडच्या झोपडवस्तीत राहत. डाव्या सांस्कृतिक चळवळीत त्यांनी आयुष्याची पुष्कळ वर्षे गाण्यात घालवली. मुंबईतल्या झोपडपट्ट्या पाडण्यावरील आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात त्यांचे गाणे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहाजण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी, १५ जुलैला, विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरी जीवन संपवले. डोक्याला त्यांनी निळे वस्त्र बांधले होते आणि आंबेडकरी ऐक्याचा जयघोष लिहून ठेवला होता. पटवर्धन यांनी पुढे चौदा वर्षे खपून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट केला. त्याची सुरुवात या घटनेतून होते.

त्या मृत्यूचे गौरवीकरण करण्याची आमची इच्छा नाही. असा माणूस जगावा, गात राहावा, त्याच्या शोकाला खांदा मिळावा, हे त्याच्या भोवतालच्या समाजाचे काम होते आणि ते झाले नाही. आमचा मुद्दा लहान आहे. त्या कार्यकर्त्याला आम्ही दिलेले उत्तर असे होते: “सूची साहित्यिकांची आहे, शाहिरांची वेगळी करू.” ती वेगळी सूची आजतागायत झालेली नाही. आम्ही आखलेल्या रकान्यांत प्रकाशकाचे नाव हवे होते. ज्याचे गाणे हजारोंच्या तोंडी बसते आणि गाणाऱ्याला रचणाऱ्याचे नाव ठाऊक नसते, त्याची नोंद त्या रकान्यांत होणे शक्यच नव्हते. पटिभानकवि हा चौथा प्रकार आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवतो. तथागतांनी वंगीस थेराला प्रतिभानवंतांत अग्र म्हटले, तेही शिकवतो. वामनदादा कर्डक मुंबईत येईपर्यंत निरक्षर होते, येथे मोठेपणी अक्षरे जुळवीत वाचायला शिकले आणि मग आयुष्यभर हजारो गीते रचीत गावोगाव फिरले, हेही सांगतो. आणि सूची करायला बसलो की, प्रकाशकाचे नाव विचारतो!

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. वही भरणाऱ्या प्रत्येकाला लेखक म्हणावे काय? दर सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्यांत अभ्यासपूर्ण ग्रंथ असतात आणि घाईने छापलेल्या, तारखांच्या चुकांनी भरलेल्या पुस्तिकाही असतात. बाबासाहेबांसारखा काटेकोर लेखक ज्यांचा गुरू, त्यांनी गुणवत्तेचा आग्रह सोडावा काय? मुळीच सोडू नये. पण तो आग्रह लिहिलेल्याविषयी असावा, लिहिणाऱ्याच्या पंगतीविषयी नव्हे. कवींचे चार प्रकार सांगताना तथागतांनी सगळी काव्ये सारखीच चांगली असे कोठेही म्हटलेले नाही. वासेट्ठसुत्तात जी कसोटी दिली आहे ती कर्माची आहे: गोधनावर जगणारा शेतकरी, शिल्पावर जगणारा शिल्पी, व्यवहारावर जगणारा वाणी. जन्माने यांपैकी कोणी काही होत नाही. हाच न्याय लावला तर लिहिणारा तो लेखक. आणि तोच न्याय दुसऱ्या टोकालाही लावावा लागेल: तीस वर्षांपूर्वी एक कवितासंग्रह काढून तेव्हापासून केवळ व्यासपीठावर बसणारा माणूस वासेट्ठसुत्ताच्या दृष्टीने वक्ता किंवा अध्यक्ष होय.

येथे आमच्या म्हणण्यात विसंगती दिसेल. पुण्णिकेला आणि बेबीताईंना एका कृतीवर लेखक म्हणायचे आणि व्यासपीठावरील गृहस्थांना म्हणायचे नाही, हे कसे? विसंगती आहे खरी. आमचे उत्तर असे की, पहिल्या दोघींना ते नाव वाचकांनी दिले आहे आणि त्यांचे लिहिलेले अद्याप काम करीत आहे. गृहस्थांना ते पत्रिकेतून दिले जाते. हे उत्तर पुरेसे आहे असा आमचा दावा नाही.

बाबासाहेबांच्या चरित्रातील एक तपशील येथे आठवतो. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा ते सिडनहॅम महाविद्यालयात सरकारी नोकरीत प्राध्यापक होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे लागे; अग्रलेख बाबासाहेबांचे असत. आयुष्याच्या अखेरीस ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे हस्तलिखित टंकित करण्याचे कष्ट नानकचंद रत्तू यांनी केले, सचिवालयातील नोकरी सांभाळून ते रात्री उशिरापर्यंत टंकलेखन करीत. एकीकडे ज्याचे विचार त्याचे नाव नाही, दुसरीकडे ज्याची बोटे दुखली त्याचे नाव मुखपृष्ठावर नाही. दोघांनीही त्याबद्दल तक्रार केल्याचे दिसत नाही. हेतू पार पडत होता, तोवर नावाची निकड त्यांना भासली नसावी.

मग उपासिकेने ‘लेखिका’ खोडले ते बरोबरच केले, असे कोणी म्हणेल. आम्हीही काही दिवस असेच समजत होतो. नम्रता म्हणून मनातल्या मनात त्यांचे कौतुकही केले. नंतर अभिधम्माचा एक पाठ शिकवताना आमची चूक आमच्या ध्यानात आली. मान या संयोजनाचे तीन प्रकार सांगितले आहेत: मी श्रेष्ठ आहे हा सेय्यमान, मी समान आहे हा सदिसमान, आणि मी हीन आहे हा हीनमान. स्वतःला कमी लेखणे हाही मानच. त्यातही ‘मी’ इतरांशी मोजूनच ठरवलेला असतो. पत्रिकेतील उपाधी आम्ही राहू दिली हा सेय्यमान. वहीवरील शब्द खोडला गेला हा हीनमान. परंतु दोन्ही एकाच तराजूत टाकणे अन्यायाचे होईल. आमचा मान आम्ही स्वतः पोसला होता. त्यांचा मान त्यांनी निर्माण केलेला नव्हता. ज्या समाजव्यवस्थेने शतकानुशतके अक्षराला हात लावू दिला नाही, तिने तो त्यांच्या हाती दिला होता, आणि त्या दोन रेघा त्यांच्या पेनाने मारल्या असल्या तरी वळण तिचे होते. आमची रेघ आम्हीच पुसू शकतो. त्यांची पुसायला दुसऱ्या कोणाचा तरी हात लागतो. आम्ही त्या वहीवर इतकी लाल शाई सांडली आणि नेमका तोच एक शब्द तसाच सोडला.

पुढच्या रविवारी आम्ही वही परत करताना क्षमा मागितली. त्यांना ती कशाबद्दल ते नीट कळले नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आपल्याच होत्या असे त्या सांगू लागल्या. मग आम्ही विचारले की, या वहीतील गीते सगळी तुमचीच आहेत काय. त्या हसल्या. “काही माझी. काही ऐकलेली, रमाबाई नगरात, इथं मुलुंडला, जयंतीला. काही कुणाची ते आता नाही आठवत, सर. गात आलेय.”

एक गीत आम्ही त्यांना म्हणायला सांगितले. त्यातील चालीवरून आणि एका शब्दावरून ते मूळचे दुसऱ्या कुणाचे असावे असा आम्हांस संशय आला. पण मधली दोन कडवी निःसंशय त्यांची होती, कारण त्यांत त्यांच्या गावच्या ओढ्याचे नाव होते. त्यांनी स्वतःहून सांगितले की, जी दुसऱ्याची असतील त्यांवर त्यांचे नाव घाला, फुकट कोणाचे घेणे नको. ज्या बाईने स्वतःचे नाव खोडले तिला दुसऱ्याचे नाव गाळणे मंजूर नव्हते.

त्या रविवारपासून वाचन संपल्यावर आम्ही विहारातच अर्धा तास बसतो. प्रत्येक गीतापुढे पेन्सिलीने खूण करतो: यांचे, ऐकलेले, ठाऊक नाही. तिसरी खूण सर्वांत अधिक आहे. ऐकलेल्यांपैकी काहींचे शाहीर शोधण्यासाठी एक-दोन जुन्या जलशांतील माणसांकडे जाऊन आलो. त्यांतील एकाने दोन गीतांचे कर्ते सांगितले आणि एकाबद्दल तो आमच्याशी भांडला. पेन्सिल आणण्याची सूचना उपासिकेची होती. लाल शाई नातवाला आवडली नाही, असे त्या म्हणाल्या. त्याला वाटले, आजी नापास झाली.